सुपडू मिस्त्रीचा ढाळ

अरे, सिंधीपुऱ्यातल्या कापसाच्या गोदामात आम्ही पोरींसाठी स्केटिंगचा ट्रॅक केला ना, तेव्हाची गोष्ट. स्पर्धा दोन महिन्यांवर. सुपडू मिस्त्रीनं कोबा घातला. मी त्यावर स्केट ठेवला, तर तो आपोआप दारापर्यंत घरंगळला!

"मिस्त्री, ढाळ कशाला दिला?"

"मग पाणी कुठून जाईल, सर?"

"वर छप्पर आहे. पाणी येणारच नाही. मला एकदम सपाट पाहिजे."

म्हातारा तणतणला, पण सगळा कोबा फोडून त्यानं पुन्हा घातला. वाळल्यावर स्वतःच मधोमध बादलीभर पाणी ओतलं. पाणी चहूकडं सारखं पसरलं अन् तिथंच थांबलं. पोरींनी टाळ्या पिटल्या.

मिस्त्री छाती काढून म्हणाला, "पाणी साचलं की जन्मभर शिव्या खाल्ल्या, सर. आज त्याच्याच टाळ्या!"