बाजरीत वाळवलेला फोन

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला असेल तर शपथ! चंद्री म्हशीचा व्हिडिओ बेल्ह्याच्या गिऱ्हाइकाला धाडायचा म्हणून आमच्या मालकांनी फोन हौदाच्या काठावर टेकवला, शूटिंग चालू केलं आणि पेंड आणायला गेले. परत आले तर फोन पाण्यात.

"तूच पाडलास!"

"मी भांडी घासत व्हते, राव!"

सून म्हणाली, "आत्या, तांदळात ठेवा."

म्हणलं, "बाजरी उष्ण असती, लवकर वाळंल." सगळी हसली. मी फोन बाजरीत पुरला आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी चालू झाला. व्हिडिओ लावला. त्यात मी कुठंच नव्हते. आधी लांब जीभ आली, मग ओलं नाक, मग नुसतं पाणी.

म्हणलं, "आता सांगा, कुणी पाडला?"

मालक खाली बघत पुटपुटले, "चंद्री."