दमणचा डॉक्टर आणि उखाचे डोळे

नंदुरबार ठेसनात तिकिटाची खिडकी उघडेपर्यंत करायचं तरी काय, म्हणून तापीबाई मागच्या बाकावरचं बोलणं ऐकत बसली. सुरतेच्या गाडीतून उतरलेल्या उखा सुताराला त्याच्या गावचा दगा नावाचा माणूस भेटला होता.

"उखाभाऊ, दमणले गयथा ना? आफ्रिकाना परवाना भेटना का?"

"नही भो. फिरंगी सायबनी सुतारकामनं समदं इचारं. मी बराबर सांगं."

"मंग?"

"मंग डागदरनी डोया देखात. म्हने, लाल शेतस, रोग शे. चांगला व्हतीन तव्हय ये."

"मांगला सालले बी असंच म्हने ना तो?"

"त्याना मांगला सालले बी."

"पन तुले रोग कोठे शे?"

"रोग नही. दमणना गाडीभाडासाठे दोन महिना मिरच्या सुकाडाना पथारीवर राबनू. मिरच्या पसारता पसारता धूळ जास डोयामा."

"सुतारनी मिरच्या कसाले पसाराव्या?"

"गावमा सुतारकाम ऱ्हातं, तं आफ्रिका कसाले जातू?"

"डागदरले सांगं नही का?"

"सांगं. म्हने, मिरची सोड, दोन महिना घर बठ, मंग ये."

"मंग बठ ना, भाऊ."

"बठसू. पन भाडं कोन दी?"

दगा बाकावरून उठला.

"आते घर चालना का?"

"नही. पथारीवर. मुकादम सकायलेच नावं लिखस."