टर्बो नको

वेल्सच्या त्या डोंगरावर गाड्यांची चढाईची शर्यत नुकतीच संपली होती. चहाच्या रांगेत, शर्यत बघायला आलेल्या मेरेरिदच्या पुढे म्हातारा इद्वल आणि त्याची लेक देलिथ उभे होते. पुढच्या वर्षी बापाच्याच जुन्या, छोट्या पण तापट गाडीतून बापाचाच विक्रम मोडायचा, असं लेकीनं मनावर घेतलं होतं.

"टर्बो बसव. गाडी उडेल नुसती."

"नको. मग जन्मभर सांगत सुटशील, पोरगी नाही, टर्बो जिंकला."

"सांगणारच! बाप आहे मी."

"म्हणूनच इंजिन तुझं होतं तसंच राहील."

"बरं, सायलेन्सर तरी मोकळा घाल."

"तू घातला होतास?"

"माझा गळून पडला होता."

"बाबा!"

"मग मागची सीट काढ. गाडी हलकी झाली की चढ सोपा जातो."

"तू काढली होतीस?"

"कशी काढणार? तिच्यावर तुझी बाळखुर्ची आवळलेली होती. शर्यत संपल्यावर तुला आजीकडून आणायचं होतं, नाहीतर तुझ्या आईनं मला सोलून काढलं असतं."

"म्हणजे विक्रम केलास तेव्हा माझी खुर्ची मागे होती?"

"होती की. बिस्किटांच्या चुऱ्यासकट."

"पुढे कोण?" चहावाली ओरडली. कुणी हललं नाही. मेरेरिदनंही मागून ढकललं नाही.

"ती खुर्ची माळ्यावर आहे ना अजून?"

"आहे. का गं?"

"उद्या खाली काढ. पहिली तीच बसवायची."

देलिथ चहावालीकडे वळली.

"दोन चहा द्या. आणि बिस्किटांचा एक पुडा. चुरा होणारी द्या."