अंतर दोघींना सारखंच

—नाही हो, हे चाक नाही, ते पलीकडचं. जरा जोरात फिरवून बघा— अडकतंय की नाही? बॅग तशी नवीच आहे. वापरलीय कुठे? पलंगाखाली पडून पडून जाम झालंय ते चाक. हौसेनं घेतली होती मी, लेकाकडे जायचं म्हणून. आता चाललीय विहीणबाईंबरोबर. हो, सुनेची आई. बॅग माझी, लेक माझा, बाळ व्हायचंय तेही माझ्याच लेकाला— आणि विमानात बसणार कोण, तर त्या. मी जळतेय असं वाटतंय ना तुम्हाला? जळतेय. खोटं कशाला बोलू?

किती लांब आहे माहितीये? तेरा हजार किलोमीटर. दोन विमानं, मध्ये कुठेतरी ताटकळत बसायचं, सगळे मिळून एकोणीस तास. मला तोंडपाठ झालंय, कारण लेक दर फोनला हेच ऐकवायचा— आई, एकोणीस तास, तुझे गुडघे, तुला नाही झेपायचं. बरं बाबा, नाही झेपायचं. मग विहीणबाईंना काय शॉर्टकट आहे? अंतर दोघींना सारखंच ना? वर माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. आणि गुडघे म्हणाल तर— त्या जिना चढायला लागल्या की आम्हाला आधीच कळतं, चहा ठेवून होतो तोवर.

मी काय केलं सांगू? हसू नका हं. एक दिवस सकाळी उठून जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला लावली आणि बसले. उठायचं ते फक्त बाथरूमला. ताट मांडीवर घेऊन जेवले, बसल्या बसल्या डुलकी काढली. आमचे हे म्हणाले, डोकं फिरलंय का तुझं? फिरू दे. दिवस मावळल्यावर लेकाला फोन लावला, म्हटलं, बघ, बसले की नाही दिवसभर, काही म्हणता काही दुखत नाहीये— पाय सुजले होते, पण ते फोनवर थोडंच दिसतंय? तर म्हणतो, खुर्ची वेगळी आणि विमान वेगळं, आई. आता मी कधी विमानात बसलेच नाही, मला काय ठाऊक? फोन ठेवला आणि खुर्ची उचलून परत टेबलाला लावली.

आणि विहीणबाई वाईट असत्या तरी बरं झालं असतं. चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण बोलायला इतक्या गोड— काल बॅग बघायला आल्या आणि बसून रडायलाच लागल्या. विमानाची धास्ती वाटते म्हणे. माझा हात धरून म्हणाल्या, "मी दोनदा सांगितलं हो जावईबापूंना, माझ्या जागी तुमच्या आईला बोलवा म्हणून. तर म्हणाले, नको, तुम्हीच या. आई नको." माझी समजूत काढायला सांगत होत्या बिचाऱ्या, त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मी विचारलं पण त्यांना, एकोणीस तासांचं काही बोलला का तो, माझ्या गुडघ्यांचं? तर नाही म्हणाल्या. त्याचं नावसुद्धा काढलं नाही त्यानं.

...काय? झालं चाक? नाही, फिरवून दाखवू नका. पाणीबिणी काही नकोय मला. पैसे किती ते सांगा आणि द्या ती बॅग इकडे.