चित्राखालच्या ओळी

राहीबाई : ओट्यावर बसू नका, मास्तर. आदी ह्ये पान बघा आन् सांगा, ही बाई कोन?

कानिफनाथ : हे माझ्याच पुस्तकातलं चित्र, मावशी. तुमच्या शाळेत आलं वाटतं?

राहीबाई : आलं. पोरांनी घरोघर नेलं. म्या काय इचारलं? ही बाई कोन?

कानिफनाथ : जखीण. कड्यावरची जखीण.

राहीबाई : तिच्या हनवटीवर गोंदलेलं तीन ठिपकं? भुवईवरचा जखमंचा वन? माझं तोंड तुमच्या जखिनीला कसं काय आलं?

कानिफनाथ : बांगलादेशाची लढाई चालली होती, तेव्हा मी गोष्टी जमवत इथे आलो होतो. तुमची गोष्ट ऐकताना तुमचा चेहरा वहीत काढला. तुम्हाला दाखवलाही.

राहीबाई : दावला. जखीन करनार, ह्ये न्हाई बोललात. आज कशापायी आलात?

कानिफनाथ : नवीन पुस्तक करतोय. चौथं. सोनईच्या शाळेतली ड्रॉइंग मास्तरकी सोडली मी. आता गोष्टी लिहायच्या, चित्रं काढायची, हाच धंदा.

राहीबाई : म्हंजी आनखी तोंडं न्यायला आलात.

कानिफनाथ : असं का बोलता? झालं तरी काय?

राहीबाई : तीस वर्सं या वाडीतली बाळं माझ्या हातावर आली. आखाडात कलाबाईचं तान्हं गेलं. नाळंचा फास बसला हुता. समद्यांनी डोळ्यांनी बघितलं, कुनी मला बोल लावला न्हाई. मंग पंचमी झाली आन् ह्ये पुस्तक आलं. आदी पोरं म्हनली, राहीबाई बाळं खाती. पोरांचं ऐकून आया म्हनाय लागल्या. तवापासून मला एक बोलावनं न्हाई. सहादूच्या सुनंचं दिस भरल्यात, तर त्यो दारावरनं जाताना मान फिरवतो.

कानिफनाथ : मला याची कल्पनाच नव्हती.

राहीबाई : मला वाचाया येत न्हाई. चित्राखाली काय लिवलंय, वाचा.

कानिफनाथ : राहू द्या, मावशी.

राहीबाई : वाचा म्हनते ना.

कानिफनाथ : ‘जखिणीने बाळाला कवटाळले. तिच्या डोळ्यांत भूक होती. सकाळी कड्यावर नुसते दुपटे उरले.’

राहीबाई : म्या असं सांगितलं हुतं? माझी जखीन टाकून दिलेलं लेकरू रातभर उराशी धरती आन् उजाडल्यावर गुराख्याच्या हाती देती. इसरलात, का मुद्दाम?

कानिफनाथ : विसरलो नाही. चित्र तुमच्याच गोष्टीचं काढलं. बघा ना, बाळ हसतंय.

राहीबाई : बघितलंय. बाळ मी तसंच धरते. म्हनून तर इचारते, खानारीच्या हातात लेकरू हसतंय व्हय?

कानिफनाथ : प्रकाशक म्हणाले, जखीण कधी चांगली असते का? मुलं घाबरली पाहिजेत. चित्राचे छपाईचे ब्लॉक तयार होऊन बसले होते, चित्र बदलता येत नव्हतं. मग मी खालच्या ओळी बदलल्या.

राहीबाई : तुमी सोता?

कानिफनाथ : मी स्वतः. शाळाशाळांतून जाणारं ते माझं पहिलंच पुस्तक. ते हातचं जाऊ नये असं वाटलं.

(सहादू अंगणाच्या कडेला येऊन उभा राहतो. आत येत नाही.)

सहादू : राहीबाय, ह्ये कोन?

राहीबाई : पुस्तकवालं मास्तर. तू कसा वाट चुकलास, सहादू?

सहादू : सुनंला सकाळधरनं कळा येत्यात. राजूरच्या दवाखान्यात गाडी जुपून न्यायची तर सांज व्हईल. म्हातारी म्हनती, राहीला आन. सून म्हनती, तिला उंबऱ्याच्या आत घेऊ नगा.

कानिफनाथ : सहादू, हे पुस्तक माझं. जखीण बाळ खाते हे मी पदरचं घातलंय. यांच्या गोष्टीत ती बाळ वाचवते.

सहादू : छापलेलं खोटं, आन् तिच्या अंगनात उभं राहून बोलताय त्ये खरं? काय दिलं हिनं तुमाला?

कानिफनाथ : अजून बसा सुद्धा म्हणाल्या नाहीत.

सहादू : सरकारी शाळंत खोटी पुस्तकं येत्यात?

कानिफनाथ : माझं आलं. मी तुमच्या घरी येऊन सुनेला सांगतो. उद्या शाळेत पोरांपुढेही सांगेन.

सहादू : मंग तुमचं पुस्तक कोन घील?

कानिफनाथ : बहुतेक कोणी नाही. पुढचंही नाही.

सहादू : तरी सांगनार?

कानिफनाथ : सांगणार.

सहादू : माझा इस्वास न्हाई तुमच्यावर. पर चला दोघंबी. मास्तर, तुमी दारात बसायचं. सून मोकळी झाल्याबिगर उठायचं न्हाई. काय इपरीत झालं, तर दोघांलाबी सोडनार न्हाई.

राहीबाई : नगं सोडूस. कळा किती येळानं येत्यात, त्ये सांग आदी.