धबधब्यावरची अस्वल

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आमच्या परिक्षेत्र अधिकारी मॅडम, व्यासपीठावरचे साहेब लोक, सिंदेवाही-मूलहून आलेले पाहुणे, तलावावरचे नावाडी, गाईड पोरंपोरी अन् माह्या बचतगटाच्या बायांनो, साऱ्यांना जय भीम, जोहार, नमस्कार. वनरक्षक देवरावभाऊ आज निवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी चार शब्द बोलायचा मान मला, आशाबाईला, दिला, हे मी माझं भाग्य समजते.

मॅडमनी भाषण लिहून दिलं होतं. लई गोड आहे! त्यात आहे, की आशाबाईनं अस्वलीला मोठ्या मनानं क्षमा केली. मॅडम, राग मानू नका, पण क्षमा कोणी केली? मले तर नाई आठवत!

झालं ते सांगते. तुम्ही पर्यटकांना जिथी फोटो काढायला नेता ना, त्या धबधब्याच्या वरच्या अंगाले मी बांबूचे कोंब काढून राह्यली होती. पावसाळ्यातलं पाणी, त्या आवाजात चाहूल लागली नाई. वळली, तर पिल्लंवाली अस्वल उभीच. पहिल्याच पंजात डोळा गेला. मंग तिनं मले पाडलं अन् तोंड चावू लागली. आपलंच हाड कटकट वाजताना इथी कोणी ऐकलं काय? मी ऐकलं.

देवरावभाऊ खालून धावत आले. हाती नुसती काठी, तीही तुटली. मंग या माणसानं आपला डावा हात तिच्या जबड्यात कोंबला. त्या हाताची दोन बोटं कमी आहेत, हार घालताना साहेबांना दिसलं असेल. दुसऱ्या हातानं दगड घेऊन तिच्या नाकावर हाणत राह्यले, रगत उडेपर्यंत. तवा ती सुटली अन् नाक झटकत पिल्लांकडे चालली.

तेवढ्यात माझे मालक लटारू कुऱ्हाड घेऊन आले. "सोडत नाई आता हिले!" अन् याच देवरावभाऊंनी त्यांना कंबरेत धरून खाली आपटलं. "लटारू, पिल्लं आहेत तिले, जाऊ दे. बाईले पाहा अगुदर!" मालकानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याईची बरगडी मोडली, तरी भाऊंनी सोडलं नाई. अस्वल निघून गेली. मंग माझा लोंबणारा गाल दुपट्ट्यानं जागेवर दाबून त्याईनं मले नावेतून तलावापार नेलं.

तेव्हापासून भाऊ दर सणाले घरी येतात. "बाई, मी बरोबर केलं ना?" म्हणतात, अन् नजर जमिनीवर. माह्या तोंडाकडे कधी पाहिलंच नाई. आताही खालीच पाहून राह्यले.

तर भाऊ, जाण्याआधी उत्तर ऐका. आरसा पाहिला की अजूनही वाटते, ती कुऱ्हाड तिच्यावर पडायला पाहिजे होती. पण मालक अस्वलीमागं धावले असते, तर मी तिथीच रगत वाहून मेली असती. जंगलाच्या कायद्याचं तुम्ही जाणा. माह्यापुरतं तुम्ही बरोबर केलं.

आयोजकांचे आभार, मागं पोहे करून राह्यलेल्या बायांचेही. बोलण्यात काही वाकडंतिकडं निघालं असेल, तर लहान समजून पोटात घाला. अस्वलीले मात्र माझी माफी नाई. अन् भाऊ, तुमचा तर गुन्हाच नव्हता. तुम्ही धरून ठेवलं म्हणून हे तोंड राह्यलं. आता तरी वर पाहा.