एकमेव पुरुष गैरहजर

(नारिन या डोंगरी गावातलं घर. संध्याकाळचा चहा. तिलेक, त्याची आई, आणि धाकट्या भावाची बायको चोल्पोन. कॉलेजात तीच तिलेकची मास्तरीण.)

तिलेक : गैरहजर? मी? अगं, रोज तुझ्या नाकासमोर बसतो!

चोल्पोन : दिसता ना, भाऊजी. हिशेबनिशीच्या अख्ख्या वर्गात दाढीवाले तुम्ही एकटेच.

तिलेक : मग प्राचार्य परीक्षेला का बसू देत नाहीत?

चोल्पोन : हजेरीत तुमची खूणच नाही.

आई : का नाही गं?

चोल्पोन : ज्याचं नाव पुकारलं, त्याचीच खूण. कॉलेजचा नियम. आणि आई, मोठ्या दिरांचं नाव मी तोंडाने कसं घेऊ? या घरात आले त्याच दिवशी तुम्ही बजावलंत.

तिलेक : म्हणजे बाकी साऱ्या बायकांना हाका मारल्यास आणि मला गाळलंस?

चोल्पोन : गाळलं कुठे? तुमच्या नावाशी आले की खोकत होते.

तिलेक : मला वाटलं, तुला सर्दी झालीय! मध आणून दिला मी!

आई : चांगला होता रे मध.

तिलेक : हसू नकोस आई. परीक्षा हुकली तर पुन्हा मजुरीला मॉस्को, पुन्हा विटा वाहणं. मागच्या खेपेला परत आलो तर माझ्याच पोरीने मला काका म्हटलं. मला नाही जायचं आता.

चोल्पोन : चुकलंच माझं, भाऊजी. उद्या प्राचार्यांना सगळं सांगते. वर्गातल्या बायका साक्ष देतील, तुम्हाला कोण विसरेल? पण पुढे रोज हाक कोण मारणार?

तिलेक : तूच मार. माझी हरकत नाही.

चोल्पोन : तुमची नाही हो, माझी जीभच वळत नाही.

आई : मग मी येते. नाव मी ठेवलंय, हाकही मीच मारीन.

तिलेक : आईला घेऊन वर्गात? आधीच त्या बायका माझी टर उडवतात!

आई : उडवू देत. आता पोरं रशियाला पळतात नि पोरी शिकतात. आमच्या वेळी भावाला शहरात शिकायला धाडलं नि मला मेंढ्यांमागे. रडले होते मी.

चोल्पोन : हे कधी बोलला नाहीत, आई.

आई : कुणी विचारलं कधी? आणि हे बघ चोल्पोन, हाक मारून झाली की मला लगेच घरी पिटाळू नकोस हं. बसेन म्हणते जरा, मागच्या बाकावर.